लिंबू पिळण्याआधी विचारा

टोकियोतल्या समस्त दूरचित्रवाहिन्यांच्या मालिका विभागांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्याला इलाज नाही. म्हणजे इलाज आहे, पण करायचा नाही. जपानीचं भाषांतर हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. पुण्याजवळच्या कारखान्यांसाठी गिअरबॉक्सची मॅन्युअलं, तपासणीचे तक्ते आणि 'पुन्हा असं होऊ देणार नाही' छापाची माफीपत्रं मी वर्षानुवर्षं इकडची तिकडे करत आले आहे. हे पत्रही एका दुपारी तुमच्या भाषेत उतरवता येईल. पण माझ्या आईला तुम्ही इतकी वर्षं सबटायटलांशिवाय माझ्या शेजारी बसवलं आहे. ती पडद्याकडे बघते, मी तिच्या कानाशी पुटपुटते आणि मी अडखळले की ती म्हणते, "राहू दे, चेहऱ्यावरून कळलं." तर आता थोडा वेळ तुम्ही तिच्या जागी बसा.

आपली ओळख जुनी आहे. दूरदर्शनवर 'ओशिन' लागायची तेव्हा आमच्या वाड्यात टीव्ही एक आणि समोर माणसं नऊ. सात वर्षांची पोर, एका पोत्या तांदळाच्या बदल्यात वर्षभरासाठी लाकडाच्या वखारीत कामाला निघते. सगळीकडे बर्फ, नदीत तराफा, काठावर आई. यामागाता कुठे आलं, मोगामी नदी कुठली, हे आजीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण तांदूळ पुरत नाही म्हणून भातात मुळा चिरून घालतात हे दिसल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला, त्यातलंच हे." नंतर कितीतरी वर्षांनी मी वाचलं की १९८३-८४ साली ही मालिका तुमच्याकडे २९७ भाग चालली, रोज पंधरा मिनिटं, आणि सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक ती बघत होते. तोवर मी जपानी शिकायला लागले होते. त्यामागे ओशिन होती असं म्हणणं फिल्मी होईल. कारण साधं होतं, जपानीला पैसे बरे मिळायचे. पण वर्गात पहिल्या दिवशी 'काच्यान', म्हणजे आई, हा शब्द आधीपासून माहीत असलेली मी एकटीच होते.

खरा नाद लागला तो नागोयाला. २०१६ साली कंपनीने मला तिकडे पाठवलं. एका खोलीचं घर, त्यात मागच्या भाडेकरूने सोडून दिलेला टीव्ही. मंगळवारी रात्री दहाला 'निगेरू वा हाजी दा गा याकू नि तात्सू', थोडक्यात 'निगेहाजी', लागायची. शिकलीसवरलेली, नोकरी गेलेली मिकुरी एका अविवाहित इंजिनीयरच्या घरी पगारी घरकाम करते आणि मग दोघं करार करून लग्न करतात: तो मालक, ती कर्मचारी. मला वाटलं, पुढे दोघं प्रेमात पडणार आणि पगाराचा विषय लाजत बाजूला ठेवला जाणार. प्रेमात पडले. त्याने रीतसर लग्नाची मागणी घातली, त्यात हिशेब मांडला की आता पगार द्यावा लागणार नाही, तेवढे पैसे वाचतील. आणि मिकुरीने त्या हिशेबावर बोट ठेवलं. प्रेम आहे म्हणून काम फुकटात, हे तर शोषण झालं, म्हणाली! मी चहाचा कप हातात धरून तशीच बसले. आमच्या घरांमधून किती बायका हे वाक्य पोटात घेऊन गेल्या असतील. ते तुम्ही हलक्याफुलक्या मालिकेत, शेवटी नाच असलेल्या मालिकेत म्हटलंत. त्या डिसेंबरात आमच्या ऑफिसच्या बोनेन्काईत, म्हणजे वर्षअखेरच्या पार्टीत, एरवी मान वर करून न बोलणारे आमचे सेक्शन चीफ तो 'कोइ' नाच अख्खा नाचले. हात चुकले, तरी थांबले नाहीत.

आणि मग जानेवारीत, त्याच मंगळवारी, त्याच दहाला, 'कार्तेत्तो'.

इथे जरा रेंगाळते, कारण पुढची सगळी तक्रार यातूनच निघणार आहे. चार वादक, कारुइझावातलं एक घर, मधे टेबल, टेबलावर सगळ्यांत मिळून एक ताटली काराआगे. म्हणजे तळलेले कोंबडीचे तुकडे. दोघं जण सवयीने त्यावर लिंबू पिळून टाकतात. तिसरा हबकतो. मला विचारलं का? कुरकुरीतपणा गेला, आता तो परत आणता येत नाही! आपण हसतो, काय हा खुळचटपणा म्हणून. त्यावर चौथी, माकी, हळू आवाजात त्याचीच बाजू घेते: नुसतं 'पिळू का' असं विचारूनही भागत नाही, कारण असं विचारल्यावर समोरच्याला 'हो' म्हणण्याखेरीज काय उरतं? आपण अजून हसतोय. पुढे कळतं की माकीच्या नवऱ्याला काराआगेवर लिंबू मुळीच आवडत नव्हतं. ती बिचारी संसारभर पिळत आली, तो बिचारा संसारभर खात आला आणि एकदा एका खाणावळीत तो ते दुसऱ्याच कुणाला सांगत असताना तिच्या कानावर पडलं. झालं. एका लग्नात काय काय बोलायचं राहून जातं ते एका लिंबाच्या फोडीत मावलं.

मी शाकाहारी आहे. जगातल्या ज्या पदार्थावरचं भांडण मला सर्वांत आवडतं तो मी कधी चाखलेलाही नाही. पण पोहे खाल्लेत. आमच्या घरी आई सगळ्यांच्या ताटल्यांवरून एका फेरीत लिंबू पिळत जाते, विचारत नाही. पुढे तिला ही मालिका दाखवली तेव्हा त्या प्रसंगाला तिने माझं पुटपुटणं हाताने थांबवलं आणि बाबांकडे बघितलं. बाबा पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पोह्यांशेजारी लिंबाची फोड वेगळी ठेवलेली होती. ती त्यांनी उचलून स्वतःच पिळली, ती गोष्ट वेगळी.

आता तक्रार. तुम्ही माझ्या ताटात लिंबू पिळता. आणि पिळता ते नेमकं शेवटच्या घासाला.

नऊ भाग तुम्ही जे न बोलता दाखवता, ते दहाव्या भागात कुणीतरी उभं राहून बोलून दाखवतं. कधी गच्चीवर, कधी नदीकाठी, कधी पत्रकार परिषदेत. समोरचे सगळे तीन-चार मिनिटं हलायचं नाही असं ठरल्यासारखे ऐकत राहतात. पियानो सुरू होतो. मग पहिल्या भागातल्या दृश्यांचे तुकडे, जरा धुरकट करून, की आम्ही विसरलो असू तर. अहो, दहा आठवड्यांत काय विसरतोय आम्ही? आणि नुकतंच, त्याच भागात, जाहिरातीच्या आधी जे घडलं तेही जाहिरातीनंतर पुन्हा दाखवता, तो तर कहरच. 'निगेहाजी'चा २०२१च्या नव्या वर्षाचा विशेष भाग मी केवढ्या आशेने बघायला घेतला! बाळंतपण, पितृत्व रजा, साथ, सगळे विषय महत्त्वाचे, कबूल. पण माणसं बोलतायत असं वाटेना, कुणी पत्रक वाचून दाखवतंय असं वाटलं. तीच मिकुरी, जिने लग्नाच्या मागणीतला हिशेब दोन वाक्यांत उघडा पाडला होता.

'तोरा नि त्सुबासा'चंही तेच. २०२४ची ती सकाळची मालिका, पहिल्या पिढीतल्या स्त्री वकील आणि न्यायाधीश मिबुची योशिको यांच्या आयुष्यावर बेतलेली. सुरुवात काय होती! नदीकाठी बसलेली बाई, हातात वर्तमानपत्र, त्यात छापून आलेली नवी राज्यघटना, कलम चौदा, समानतेचं. ती वाचते आणि रडते. आमच्याकडेही समानतेचं कलम चौदाच आहे, म्हणून मला ते उगाचच घरचं वाटलं. पहिले दोन-तीन महिने मी भाग साठवून ठेवला नाही, रोजचा रोज बघितला. उत्तरार्धात मात्र प्रत्येक आठवड्याला एक नवा अन्याय रांगेत येऊन उभा राहायला लागला. त्याला पाच दिवस मिळाले, की पुढचा. त्यातल्या एकेका माणसावर स्वतंत्र मालिका झाली असती.

तुम्हाला येत नाही असं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. तुम्हाला येतं. 'आमाचान'मध्ये त्सुनामी कशी दाखवलीत ते आठवा. इवाते किनाऱ्यावरचं गाव, प्रसारणाच्या अडीच वर्षांआधीच खरोखर झालेला विनाश, सकाळी आठची वेळ, आणि बघणाऱ्यांत घरदार गमावलेली माणसं. तुम्ही लाट दाखवली नाही. पर्यटन कार्यालयातली गावाची छोटी प्रतिकृती मोडलेली दाखवलीत. गाडी बोगद्यात थांबलेली. तोच बोगदा चालत पार करून मुलगी बाहेर येते, आणि आम्हाला बराच वेळ दिसतो तो तिचा चेहरा. आईने तेव्हा भाषांतर मागितलं नाही. गाडी पुन्हा धावते हेही तुम्ही दाखवलंत, आणि ते खरंच घडलं होतं: सानरिकु रेल्वेने भूकंपानंतर पाचच दिवसांत काही स्थानकांपुरती का होईना, गाडी सोडली होती. त्यावर कुणी भाषण केलं असतं तर मी टीव्ही बंद केला असता.

किंवा बँकेतल्या सूडाची 'हान्झावा नाओकी'. ती काही मौनाची मालिका नव्हे, तिच्यात सगळे डोळे वटारून ओरडतात, आणि २०२०च्या दुसऱ्या पर्वात तर इतके काबुकी नट जमले की बँक आहे का रंगमंच असा प्रश्न पडावा. मला ते आवडलं, लाज नाही सांगायला. पण २०१३च्या पहिल्या पर्वाचा शेवट! टोकियोच्या भागात ४२.२ टक्के लोक बघत होते. दुष्ट संचालक गुडघे टेकतो, कपाळ जमिनीला लावतो, सूड पूर्ण. आता बढती मिळणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि साहेब हुकूम वाचतात: उपकंपनीत बदली. हान्झावाच्या चेहऱ्यावर कॅमेरा, समाप्त. ना स्पष्टीकरण, ना पियानो. नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला त्या चेहऱ्यात काय आहे ते सांगावं लागत नाही.

आणि तुम्ही थांबता! या एका गुणासाठी तुमच्या शंभर चुका माफ. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, तीन-तीन महिन्यांचे हप्ते, दहा-अकरा भाग, संपलं. आमच्याकडे मालिका संपत नाही. नायिकेचं लग्न दीडशेव्या भागात ठरतं, तीनशेव्यात मोडतं, मग तिच्यासारखीच दिसणारी दुसरी येते. एकेकाळी आमच्या दूरदर्शनवरही तेरा भागांची मालिका असायची, आणि त्या तेरांतली माणसं अजून नावानिशी आठवतात. त्यामुळे तुमचा दहावा भाग आला की मला दुःख होतं, पण ते चांगल्या पाहुण्याने वेळेवर उठण्याचं असतं. म्हणूनच त्याने दारात उभं राहून अर्धा तास बोलू नये असं वाटतं.

दाराचा विषय निघालाच आहे.

नागोयाहून परत आल्यावर पहिल्याच मंगळवारी, आमच्या संध्याकाळच्या साडेसहाला, मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर नम्र जपानीत एक ओळ: हा कार्यक्रम फक्त जपानमध्ये पाहता येतो. तुमचं नम्र जपानी किती निष्ठुर असू शकतं ते मी माफीपत्रांमधून शिकले आहे, तरी लागलं. मग एका सहकाऱ्याने टोकियोहून डीव्हीडींचा संच आणला, पुस्तकासारखा देखणा, किंमत अशी की आईला मी अर्धीच सांगितली. आमच्या प्लेअरने तो घेतला, घरघर केली आणि थुंकून टाकला. तुमचा विभाग दोन, आमचा पाच. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून सगळे विभाग चालवणारा प्लेअर आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता डीव्हीडी कोण बघतं?" काय सांगणार.

तुमच्यापासून विमानाने दोन-अडीच तासांच्या अंतरावर कोरिया आहे. त्यांच्या मालिका आमच्याकडे हिंदी बोलायला लागून जमाना झाला. माझी भाची 'ओप्पा' म्हणते आणि मी काही म्हटलं की 'तुझं ते जपानी' म्हणते. मला कारणं माहीत आहेत: बारा कोटींची तुमची घरचीच बाजारपेठ, तिथल्या जाहिराती पुरतात, बाहेर द्यायचं तर गाण्यांचे हक्क वेगळे, नटांच्या एजन्सींची परवानगी वेगळी. एक काळ असा होता की एका मोठ्या एजन्सीच्या नटांचे चेहरे तुमच्या संकेतस्थळांवर राखाडी आकृती करून लावलेले असत. नायकाच्या जागी भूत! आम्ही हसायचो.

ते हसू २०२३मध्ये गेलं. त्याच एजन्सीच्या, जॉनीज्‌च्या, दिवंगत संस्थापकाने कित्येक वर्षं मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं एजन्सीला जाहीर कबूल करावं लागलं. त्याआधी एका साप्ताहिकाने ते छापलं होतं, २००३ साली टोकियो उच्च न्यायालयाने त्यातला मुख्य भाग खरा मानला होता, २००४मध्ये तो निकाल कायम झाला. तुमच्या बातम्यांमध्ये तेव्हा शांतता होती, कारण तीच मुलं तुमच्या मालिकांचे नायक होती. मी वर ज्या न बोलण्याचे गोडवे गायले, ते हे नव्हे. नंतर तुम्ही एकेका वाहिनीने स्वतःची तपासणी केलीत, वाकून माफी मागितलीत. माझ्या दोन फार आवडत्या मालिका मी तेव्हापासून पुन्हा लावलेल्या नाहीत. त्यातल्या मुलांचा काही दोष नाही हे माहीत असूनही.

आणखी एक, लहानशी गोष्ट. तुमच्या मालिकेत भारतीय माणूस आला की तो करी विकतो. पगडी किंवा टिळा, मोडकं जपानी, हात जोडलेले, चेहऱ्यावर न मावणारं हसू. वास्तविक तुमच्या गल्लोगल्लीची ती करीची दुकानं बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात. आणि तुमच्याच टोकियोत, एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईत, आमचे सॉफ्टवेअरवाले बिऱ्हाडं करून राहिलेत. त्याच वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, अंबरनाथचे, मराठी बोलणारे. त्यांची वॉर्डाची सभा, मुलांच्या शाळेचे प्रश्न, कचरा कुठल्या वारी काढायचा यावरून शेजाऱ्याशी झालेली बोलाचाली, यात तुम्हाला दहा भाग दिसत नाहीत? मला तर दिसतात. आणि त्यातला एक पूर्ण भाग मी त्या कचऱ्याला देईन.

खाण्यावरून आठवलं. 'कोदोकू नो गुरुमे' मात्र आहे तशी राहू द्या. एक उंच, सुटातला माणूस, गोरो-सान, काम संपवतो, भूक लागते, एखादं दुकान शोधतो, एकटा बसतो, मनातल्या मनात बोलत जेवतो. संपला भाग. २०१२पासून हेच. यातलं नव्वद टक्के मला चालणार नाही. साध्या दिसणाऱ्या रस्स्यातही माशाची दाशी, म्हणजे अर्क, असते, हे नागोयात पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी मी ते बघून तृप्त होते. पुण्यात बाई एकटी हॉटेलात शिरली की वेटर मागे बघतो, अजून कोण येतंय म्हणून. नागोयात एका काउंटरवर मी अंड्याशिवायचा, माशाशिवायचा उदोन, म्हणजे जाड शेवया, मिळेल का म्हणून अर्ध्या तासाचं संभाषण केलं, आणि शेवटी त्या आजीबाईंनी मला नुसता भात, लोणचं आणि वाफवलेली रताळी वाढली. शेजारी बसलेल्या कुणीही मान वळवली नाही. गोरो-सान जेवायला बसले की ती रताळी आठवतात.

तेव्हा मागणं एवढंच. एक, ओशिनचे सगळे भाग, निदान इंग्रजी सबटायटलांसह, आमच्याकडून रीतसर पैसे घेऊन आम्हाला बघू द्या. आईचं वय झालंय आणि तिला पुढचं आठवत नाही. चोरून नको, ती विचारते "हे आपण पैसे देऊन बघतोय ना?" म्हणून. दोन, दहाव्या भागातली भाषणं लेखकाला एकदा परत करा आणि अर्धी आणायला सांगा. तीन, वर आलंच, कचरा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्याची एक भाषांतरकार

ता. क. या पत्राचं जपानी भाषांतर हवं असल्यास कळवणे. आमच्याकडे भाव दर अक्षरामागे असतो, चिनी वळणाची कांजी असो वा साधा काना, एकच. मंगळवार सोडून कधीही फोन करा. मंगळवारी साडेसहा ते साडेसात उचलणार नाही.